शेवटपर्यंत पुरणारा रुपराव

“मले लवकर मारू नका जी, मी शेवटपर्यंत पुरतो.”

रुपराव धकाते हे वाक्य ज्याला त्याला ऐकवायचा. नाटकाच्या तालमीत ऐकवायचा, सिनेमावाल्यांपुढे हात जोडून ऐकवायचा, आणि घरी मागावर बसला की धोट्याच्या ठेक्यावर स्वतःशीच म्हणायचा. त्याची बायको जयवंता त्याच्या मागे चरख्यावर कांड्या भरत बसलेली असे. लग्न होऊन आल्यापासून तिनं हे बोलणं इतकं ऐकलं होतं, की ते कानावर पडलं की तिचा हात उगाच जोरात फिरे आणि सूत तुटे. मग ती तुटलेलं सूत गाठता गाठता म्हणे, की बाकीचं राहू द्या, आधी मागावरचं पातळ तेवढं उतरवा.

रुपराव मूळचा उमरेडचा. कोष्ट्यांच्या आळीत जन्मला आणि चालायला लागला तो खडी गंमत पाहतच. आमच्याकडच्या या खेळात कोणी बसत नाही. डफवाला उभा, तुणतुण्यावाला उभा, राजा उभा, राणी उभी. रात्र सरते, चांदणं कौलांवरून उतरून अंगणात येतं, पण खेळातला माणूस काही खाली टेकत नाही. रुपराव पहिली विद्या शिकला ती ही. बाप गेल्यावर, बासष्टच्या सुमारास, तो आईला, जिजाबाईला, घेऊन नागपुरात गोळीबार चौकात राहायला आला. सोबत बापाचा माग होता आणि ही उभं राहण्याची विद्या होती. मागासाठी घरात खड्डा खणला. विद्येसाठी नाटक मंडळ्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

काम मिळायला वेळ लागला नाही. अडचण निराळीच होती. देवानं त्याला उंची दिली होती, आवाज दिला होता, पण गाल असे आत गेलेले आणि डोळे असे खोल ठेवले होते, की कोणत्याही नाटकवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं की त्याला मरणच आठवे. क्षयानं खंगलेला भाऊ असला की रुपरावला बोलवा. फितुरी करून कड्यावरून पडणारा मावळा असला की रुपरावला बोलवा. पहिल्या अंकात तो इतका चांगला मरायचा की बायका पदर डोळ्याला लावत, आणि दुसऱ्या अंकात त्याला साऱ्यांनी विसरून जाणं नाटकाला भागच असे.

जयवंता लग्नानंतर पहिल्यांदा नाटकाला गेली ती पासष्ट साली. नवरा कसा दिसतो, कसा बोलतो, हे पाहायला ती लुगड्याची घडी मोडून गेली होती. नवरा घटकाभरात गेला. पुढचे दोन अंक तिनं अनोळखी माणसांची भांडणं पाहत काढले. तेवढ्यात रंग पुसून रुपराव मागच्या बाकावर येऊन बसला आणि शेंगदाणे खाऊ लागला. पुढची म्हातारी सहज मागे वळली आणि दचकून “अगं माय” म्हणाली. जयवंता घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. तिला राग नाटकाचा नव्हता. राग याचा होता, की ज्या माणसाला ती रोज भाकर वाढते, त्याला कोणी तासभरसुद्धा जिवंत ठेवायला तयार नाही.

मग सिनेमा आला. रामटेककडे एका मराठी चित्राचं काम चाललं होतं, त्यात रुपरावला सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, काम मिळालं. सालदाराला साप चावतो. ते चित्र उमरेडला टुरिंग टॉकीजच्या तंबूत लागलं तेव्हा जिजाबाई मुद्दाम नागपूरहून एसटीनं गेली. बाभळीच्या बुंध्याशी साप दिसला तशी ती तंबूत उभी राहिली आणि पडद्याला ओरडून सांगू लागली, की रुप्या, मागं पाह्य. रुप्यानं पाहिलं नाही. म्हातारीनं त्या दिवशी अन्न घेतलं नाही. परत आली ती थेट मागाजवळ गेली, जिवंत लेकाच्या तोंडात साखर घातली, त्याच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, आणि मग जेवली. तेव्हापासून रुपराव कुठंही मेला की घरी साखर ठरलेली. जयवंता साखरेचा डबा लपवून ठेवी. म्हातारी तो शोधून काढी.

त्र्याहत्तर साली तो मुंबईला गेला आणि पाऊणएक वर्ष तिकडेच राहिला. दरोडेखोरांच्या चित्रात घोड्यावर बसला, गोळी लागून दरीत पडला. तोच पडण्याचा भाग तिथल्यांना इतका आवडला, की दुसऱ्या कंपनीनंही त्याला तशाच दरीत पाडलं. एका चित्रात त्याला बोलायला मिळालं होतं, पण थेटरात लागलं तेव्हा ते बोलणं कापलेलं निघालं आणि मरण तेवढं उरलं. इकडे मागावरचा ताणा सैल पडला, त्यात उंदरांनी घर केलं. जयवंतानं एक दिवस पदर खोचला, खड्ड्यात पाय सोडले आणि माग स्वतः चालवायला घेतला. कोष्ट्याच्या घरात बाईनं कांड्या भराव्यात, माग पुरुषानं चालवावा, अशी रीत. आळीत कुजबूज झाली. जयवंतानं धोटा असा काही फेकला, की कुजबूज ऐकूच येईना.

रुपराव परतला तेव्हा तिनं माग त्याच्या स्वाधीन केला आणि पुन्हा मागे चरख्यावर बसली. पुढं वर्षानुवर्षं तिनं त्याचा चेहरा पाहिला नसेल तेवढी त्याची पाठ पाहिली. डावा खांदा किंचित खाली, उजवा वर. धोटा फेकताना मान एकीकडे कलायची. उठून चालू लागला की पहिलं पाऊल जड पडायचं, जसं काही पाय अजून खड्ड्यातच आहेत, आणि मग दुसरं, तिसरं मोकळं. ती पाठ तिला पाठ होती. त्या पाठीवर तिचा रागही होता आणि त्या रागातच तिचा संसार होता.

त्र्याऐंशीच्या मार्च महिन्यात कामठीचा मनोहरराव घरी आला. मनोहरराव बाहेरून आलेल्या सिनेमा कंपन्यांना बैलगाड्या, गावकरी, जुने कंदील आणि लागतील तसे नट पुरवायचा. त्यानं सांगितलं, की मुंबईची एक कंपनी दूरदर्शनसाठी टेलिफिल्म काढते आहे, उमरेडच्या पुढच्या एका खेड्यात. रुपराव त्याच्यासोबत जाऊन डायरेक्टरला भेटून आला. डायरेक्टर चष्म्याचा पोरगेलासा माणूस होता. त्यानं रुपरावला बोलायलाच लावलं नाही. नुसतं उभं केलं आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, तू कोतवाल.

रुपरावनं विचारलं, की साहेब, हा कोतवाल मरतो कधी.

“वो नहीं मरता,” डायरेक्टर हसून म्हणाला. “गाँव के बाकी सब चले जाते हैं, वही रहता है. आख़िर तक.”

रुपराव घरी आला आणि हे त्यानं जयवंताला मागाशेजारी उभं राहून सांगितलं. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलं होतं, आणि आता हा माणूस त्याच्यापुढे पाट मांडायचंही विसरेल की काय असं तिला वाटलं. तिनं टोमणा मारला नाही. त्याचं धोतर धुऊन, नीळ घालून, दोरीवर वाळत टाकलं.

डायरेक्टरनं त्याला एवढंच सांगितलं होतं, की काही करू नको, फक्त उभा राहा. कोतवाल सारं गाव पाहतो आणि हलत नाही. रुपरावनं ते फारच मनावर घेतलं. शेजारच्या भैय्याजींचं किराणा दुकान होतं आणि वर गच्ची होती. आळीत गच्ची म्हणावी अशी ती एकच. रुपराव रोज सकाळी तिथं जाऊन हातात काठी धरून उभा राहू लागला. भैय्याजींची बायको प्रेमिला तिथंच कुरोड्या वाळत घालायची. पहिल्या दिवशी तिनं कपाळाला हात लावला. पण तो उभा असला की पाखरं कुरोड्यांकडे फिरकत नाहीत हे पाहून दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्यासाठी चहा पाठवला.

खेड्यावर जायचं त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. ऊन कोवळं होतं, गच्चीवर कुरोड्या पांढऱ्या शुभ्र पसरल्या होत्या, आणि रुपराव इतका निश्चल उभा होता की श्वास दिसत नव्हता. एक कावळा आला. कठड्यावर बसला, मान वाकडी करून त्यानं पाहिलं, आणि उडून सरळ रुपरावच्या डोक्यावर जाऊन बसला. दुसऱ्या कोणी हात झटकला असता. रुपराव नट होता. त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही. कावळा बसला, त्यानं चोच पुसली, आणि मनाला आलं तेव्हा गेला.

रुपराव जिना उतरून धावतच घरी आला. त्याचं तोंड उजळलं होतं. “जयवंता, अवं, कावळ्यालेही वाटलं का खांब आहे म्हणून. डोक्यावर बसला. मी हाललो नाही. आता तो डायरेक्टर काय म्हणते ते पाह्य.”

जयवंता हसणार होती. पण तिचं लक्ष कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या जिजाबाईकडे गेलं. म्हातारीचा हात सुपातच थांबला होता.

डोक्यावर कावळा बसला म्हणजे माणसावर मरण येऊन बसलं, असं जुनी माणसं मानतात. त्यावर उताराही जुनाच आहे. ज्याच्या डोक्यावर बसला त्याच्या मरणाचा सांगावा जवळच्या नातलगाकडे धाडायचा. सांगणाऱ्यानं उंबऱ्याबाहेरून सांगायचं, पाणी प्यायचं नाही, बसायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. ऐकणाऱ्यानं खरंखुरं रडायचं. आसवं खरी पडली की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते निघून जातं. दिवस बुडाल्यावर दुसरा सांगावा पाठवायचा, की माणूस जिवंत आहे. मग तिकडून साखर येते.

जिजाबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि ती बाहेर गेली. शेजारचा दादाजी सूत आणायला कामठीला निघाला होता. कामठीला तिची धाकटी बहीण कांताबाई राहत होती, आणि रुपरावसाठी खरं रडेल असं तिच्याइतकं जवळचं दुसरं कोणी नव्हतं. म्हातारीनं दादाजीला रस्त्यात गाठून सांगावा दिला. परत येऊन तिनं लेकाला पुढ्यात बसवलं आणि बजावलं, की दिवस बुडेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही.

रुपराव हसला आणि बसला. त्याला वाटलं, आईचं समाधान होते तं होऊ द्या. सकाळच्या एसटीनं जायचंच आहे.

दुपारी दादाजी परतला तेव्हा जयवंताला सांगाव्याचा पत्ता लागला. तिच्या हातातली कांडी खाली पडली. कांताबाईच्या घरापासून तिसऱ्या घरात कोण राहतं हे दोघा मायलेकांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तिसऱ्या घरात मनोहरराव राहत होता.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “मरणाले फसवाले निघाल्या, पण त्या सिनेमावाल्यायले कोण सांगन का हे खोटं होय?”

सांगावा गेल्यावर त्याबद्दल बोलायचं नसतं, असं जिजाबाईनं हातानंच सुचवलं. रुपराव उठू लागला तशी ती म्हातारी दारात आडवी झोपली. चाळिशी उलटलेला, कड्यांवरून आणि दऱ्यांत पडलेला तो माणूस उंबऱ्यावर आडव्या पडलेल्या आईला ओलांडू शकला नाही. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून डोकं धरून बसला. जयवंतावर बंदी नव्हती; तिनं मागचं दार धरलं आणि कामठीची बस पकडली.

कांताबाईच्या अंगणात आळीतल्या बायका जमल्या होत्या. कांताबाई मधोमध बसून ऊर बडवत होती, आणि रडता रडता रुपरावचे गुण सांगत होती, जे त्याच्या जिवंतपणी तिनं कधी काढले नव्हते. तेवढ्यात दारात जयवंता उभी राहिली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. बायकांचा सूर एकेक करून खाली आला. कोणी तिच्या कपाळाकडे पाहिलं, कोणी एकमेकींकडे.

“ते जिते आहेत,” जयवंता म्हणाली. “घरी बसून चहा मांगून राहिले. मनोहरराव कुठी गेले?”

कांताबाईनं पदरानं नाक पुसलं. तिला हायसं वाटलं असेलही, पण आधी रागच आला. “दिवस बुडू द्याचा होता वं. आता एवढं रडलेलं सारं वाया गेलं का नाही?”

मनोहरराव गेला होता. शेजारच्या बायकांनी सांगितलं, की तो आला, दारात उभा राहून डोळे पुसले, आणि उद्या सकाळी कोतवालाचंच काम आहे, साहेबांना कळवलं पाहिजे, असं म्हणत पाऊण तासापूर्वीच उमरेडच्या गाडीला निघाला. जयवंता बसस्टँडवर धावली. गाडी गेली होती. ती नागपूरला परतली आणि भैय्याजींच्या दुकानातल्या फोनवरून उमरेडला ट्रंक कॉल लावून बसली. त्या खेड्यात फोन नव्हता. उमरेडच्या ज्या दुकानात होता तिथं कोणी उचलेना. भैय्याजी दोन गिऱ्हाइकांमधल्या वेळात पुन्हा पुन्हा विचारीत होते, की पण वहिनी, कावळा नक्की बसला होता का. दिवस बुडाला. जिजाबाई उंबऱ्यावरून उठली आणि कामठीहून साखर कशी आली नाही म्हणून चिंता करू लागली.

सकाळच्या पहिल्या एसटीनं नवराबायको दोघं निघाली. खेड्यावर पोचली तेव्हा उन्हं वर आली होती. गावाबाहेर ट्रक, वायरी, छत्र्या. चावडीपुढे कोतवालाच्या वेशात, काठी धरून, गणपतराव उभा होता. गणपतराव नागपूरच्या रंगभूमीवरचा जुना नट. खाटेवर बसून बोलणाऱ्या म्हाताऱ्या पाटलाच्या कामाला त्याला आणलं होतं. उंचीला रुपरावएवढाच, पण गुडघ्यांनी अधू.

मनोहररावनं रुपरावला पाहिलं आणि त्याच्या हातातला चहा सांडला. मग तो चिडला. त्यानं सांगितलं, की काल सगळ्या कंपनीला दोन मिनिटं उभं केलं, स्वतः डायरेक्टर मान खाली घालून उभे राहिले. गणपतरावही काठी टेकीत आला. तो जास्तच दुखावलेला दिसला.

“मी भाषण केलं गा तुह्यावर,” तो म्हणाला. “चांगलं बोललो होतो. आता काय करू त्याचं?”

डायरेक्टरला काही कळेना. मनोहररावनं त्याला हिंदीत समजवायला घेतलं, की साब, इनके सर पे कौवा बैठा था, इसलिए घरवालों ने मरने की खबर भेजी. डायरेक्टरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इतका वेळ तो जिवंत माणसाकडे पाहत होता की मेलेल्याकडे हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. मग त्यानं हात जोडले. कोणाची वाट पाहायची उरली नव्हती, म्हणून उजाडताच गावची सारी गुरं रानात जाताना, गावच्या साऱ्या माणसांसह, कोतवाल उभा असलेला मोठा भाग घेऊन झाला होता. ती गुरं आणि तो उजेड पुन्हा जमणार नव्हता. कोतवाल आता गणपतरावच. रुपरावसाठी दुसरं एक काम होतं. गावात साथ येते, तेव्हा पहिली तिरडी उठते. चेहरा जवळून दिसेल, असं तो मोठ्या आस्थेनं सांगू लागला.

रुपरावच्या ओठांवर त्याचं ते वाक्य आलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते अर्ध्यात अडलं. तो नुसता उभा राहिला. इतका छान उभा राहिला की कॅमेरावाल्यानं सवयीनं तिकडे मान वळवली.

जयवंता पुढे झाली. मुंबईच्या माणसाशी ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती, आणि बोलली ती आपल्याच बोलीत.

“बाबू, यायले तुम्ही नाही मारलं, घरच्यायनंच मारलं. ते आमचं आम्ही पाहू. पण हा माणूस वीस वर्षं झाले लवकरच मरून राहिला. मी पाहून पाहून थकली. तिरडीवर दुसऱ्या कोणाले बी निजवा. याले एक डाव शेवटपर्यंत राहू द्या.”

मनोहररावनं ते हिंदीत केलं, त्यातला राग तेवढा गाळून. डायरेक्टरनं गणपतरावच्या गुडघ्यांकडे पाहिलं. गोष्टीच्या अगदी शेवटी कोतवाल ओसाड गाव मागे टाकून नांगरलेल्या काळ्या रानातून दूर चालत जातो. ढेकळांतून गणपतरावला चालवणार नव्हतं, आणि ही चिंता त्याला कालपासून होती. चेहरा नव्हता त्यात. नावही येणार नव्हतं.

“सिर्फ़ पीठ,” तो संकोचानं म्हणाला.

रुपरावनं विचारलं, की तो तिथं मरत तर नाही ना.

संध्याकाळी त्याच्या अंगावर कोतवालाची घोंगडी टाकली. मार्चचं ऊन अजून ढेकळांतून वर येत होतं. जयवंता वायरींच्या पलीकडे उभी राहून पाहत होती. पहिलं पाऊल जड पडलं. मग रुपराव चालू लागला, काळ्या रानातून, सूर्याकडे तोंड करून, मागे न पाहता. कोणी थांब म्हणेपर्यंत चालत राहिला. परत आला तर डायरेक्टर म्हणाला, एकदा आणखी. आणि आणखी एकदा. जयवंताच्या मनात आलं, की मरायला या माणसाला कोणी दुसऱ्यांदा सांगत नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात ती टेलिफिल्म दूरदर्शनवर लागली. आळीत टीव्ही भैय्याजींकडेच होता. त्यांनी तो दुकानाच्या ओट्यावर आणून ठेवला आणि गोळीबार चौकातलं निम्मं माणूस रस्त्यावर सतरंज्या टाकून बसलं. कामठीहून कांताबाई आली होती, मनोहरराव आला होता, दादाजी आला होता. सर्वांत पुढे जिजाबाई, मुठीत साखरेची पुडी घेऊन. रुपराव मागे खांबाला टेकून उभा होता. त्याच्या जरा बाजूला जयवंता.

गोष्ट सुरू झाली आणि आळीचं विचारणंही सुरू झालं. रुपराव, तू कधी येतं गा. येईन, तो म्हणाला. साथ आली, तिरडी उठली, तशी जिजाबाई पुडी सोडू लागली. तिरडीवर दुसराच होता. “अजून मेला काहून नाही हा?” तिनं मागे वळून विचारलं, आणि लोक हसले. दादाजीनं सांगितलं, की सिनेमावाल्यांनी कापला असेल. कांताबाई म्हणाली, तिकडे खरं रडणारं माणूस नाही ना. भैय्याजींनी मध्येच उठून अँटेना हलवला. पडद्यावर गणपतराव उभा होता, गाव रिकामं होत होतं, आणि खांबाला टेकलेला रुपराव पडद्यावरून नजर काढेना.

शेवटी ते रान आलं. काळं, ढेकळांचं, आणि वर मोठं आभाळ. घोंगडी पांघरलेला माणूस पाठ करून चालू लागला.

“गणपतराव या वयात काय चालते गा,” मनोहरराव मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. खरं काय ते त्याला ठाऊक होतं, पण कंपनीची गोष्ट चारचौघांत सांगायची नाही असा त्याचा धंदा होता. आळीनं मान डोलावली. जिजाबाईनं साखरेची पुडी पुन्हा गुंडाळली आणि कमरेला खोचली. आज तिला ती लागली नव्हती, आणि त्याचं तिला थोडं वाईटच वाटलं.

जयवंता म्हणणार होती, की आत्याबाई, तो पाहा तुमचा लेक, अजून चालून राहिला. पण तिनं बाजूला पाहिलं तर खांब रिकामा होता.

रुपराव निघाला होता. कोणाला काही न सांगता, सतरंज्यांच्या कडेनं, चौकाकडे. पहिलं पाऊल जड, मग मोकळं. डावा खांदा खाली. दिव्याच्या खांबाखालून गेला, सायकलवाल्याला त्यानं वाट दिली, आणि पुढच्या अंधुक रस्त्याला लागला. सारी आळी टीव्हीकडे तोंड करून बसली होती आणि त्याच पाठीकडे पाहत होती, गणपतरावची समजून. रस्त्यावरची पाठ एकटी जयवंता पाहत होती. ती वळणापाशी दिसेनाशी होईस्तोवर तिनं पाहिली, आणि नंतरही थोडा वेळ तिकडेच पाहत राहिली.